अपराधी भावनेचे माप: रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी आचारसंहिता कशी वापरावी

रुग्णालयात नोकरीला लागताना बहुतेकांच्या हातात एक पुस्तिका किंवा दोन-चार पानांचा कागद दिला जातो, त्यावर सही घेतली जाते आणि तो कागद फाईलमध्ये जाऊन पडतो. पुढे त्याची आठवण दोनच प्रसंगी होते: तपासणीचे पथक येणार असते तेव्हा, आणि आपल्या हातून काही चुकते तेव्हा. या दुसऱ्या प्रसंगी माणूस ती आचारसंहिता आरोपपत्रासारखी वाचतो. प्रत्येक कलम आपल्याकडेच बोट दाखवते आहे असे त्याला वाटते आणि वाचून झाल्यावर तो आधीपेक्षा अधिक खचलेला असतो. गोव्यातील रुग्णालयांत मी परिचारिका म्हणून आणि नंतर वॉर्डची इन्चार्ज म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की आचारसंहितेचा सर्वांत मोठा उपयोग अपराधी भावनेचे माप काढण्यासाठी होतो. घडलेल्या गोष्टीत माझे किती, व्यवस्थेचे किती आणि कोणाच्याच हातात नव्हते असे किती, हे त्या कागदाच्या आधाराने ठरवता येते. ते कसे करायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी आपला कागद शोधा

ज्याला आपण सरसकट 'आचारसंहिता' म्हणतो ते प्रत्यक्षात वेगवेगळे कागद आहेत आणि प्रत्येकाला लागू असलेला कागद निराळा आहे. डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे व्यावसायिक वर्तनाचे विनियम लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुन्यांवरच काम चालू राहिले. परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेची नीतिसंहिता आणि तिच्या जोडीची व्यावसायिक वर्तनाची संहिता आहे, तर फार्मासिस्टांसाठी २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस विनियम आहेत. सरकारी रुग्णालयात असाल तर त्यावर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ येतात, आणि खासगी रुग्णालयात असाल तर व्यवस्थापनाची स्वतःची पुस्तिका असते. वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार यांच्यापैकी जे कंत्राटदारामार्फत येतात त्यांना मात्र अनेकदा कोणताच कागद मिळत नाही. स्ट्रेचर ढकलताना रुग्णाच्या हाताची सुई निघाली म्हणून आठवडाभर कोणाच्या नजरेला नजर न देणारा वॉर्डबॉय मी पाहिला आहे. त्यामुळे आपल्या वॉर्डात असे कोणी असेल तर आपल्या संहितेतला गोपनीयतेचा आणि चूक कळवण्याचा भाग त्याला तोंडी समजावून सांगणे हे इन्चार्जचे काम समजावे.

कागद मिळाल्यावर तो सलग वाचत बसू नये. पेन्सिल घेऊन तीन प्रकारच्या खुणा कराव्यात. जे मी स्वतः करायचे आहे त्याला एक खूण, जे मी कोणाला तरी कळवायचे आहे त्याला दुसरी, आणि जे संस्थेने मला पुरवायचे आहे त्याला तिसरी. तिसऱ्या खुणेची वाक्ये आहेत हेच बहुतेकांच्या लक्षात आलेले नसते. उदाहरणार्थ, आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची नीतिसंहिता १९५३ पासून चालत आली आहे आणि तिची २०२१ ची सुधारित आवृत्ती परिचारिकेने स्वतःची प्रतिष्ठा आणि स्वतःचे आरोग्यही जपावे असे सांगते व त्यासाठी कामाच्या जागेची परिस्थिती चांगली असावी लागते हेही मान्य करते. चूक झाल्यानंतर पहिली आणि दुसरी खूणच डोळ्यांपुढे राहते, म्हणून तिसरी खूण आधीच, शांत दिवशी, करून ठेवावी.

भावनेला तिचे नाव द्या

'मला फार अपराधी वाटते' असे कोणी सांगते तेव्हा त्याखाली निदान तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. मराठीत त्यांना निराळे शब्दही आहेत आणि ते वापरावेत.

पहिली टोचणी. करायचे होते ते मी केले नाही, किंवा करायचे नव्हते ते केले. हात न धुता ड्रेसिंग केले, दोन तासांनी रक्तदाब पाहायचा होता तो पाहिला नाही आणि तरीही अंदाजाने आकडा लिहिला. टोचणीचा संबंध संहितेतील एखाद्या ठरावीक वाक्याशी लावता येतो आणि तेच तिचे लक्षण होय.

दुसरी चुटपुट. सर्व काही रीतसर केले, तरी रुग्ण गेला, आणि आपण त्याच वेळी दुसऱ्या खाटेपाशी होतो, म्हणून 'दोन मिनिटे आधी गेले असते तर' हे मनातून जात नाही. संहिता उघडून पाहावी. आपण मोडलेले वाक्य सापडत नसेल तर ही टोचणी नव्हे. चुटपुटीला प्रायश्चित्त नसते, कारण पाप नसते. तिला वेळ द्यावा लागतो आणि सोबत लागते, पण कबुलीजबाब देत फिरण्याची गरज नसते.

तिसरी घुसमट, आणि रुग्णालयात हीच सर्वांत अधिक आढळते असे मला वाटते. योग्य काय ते ठाऊक असते, पण ते करण्याची मोकळीक, माणसे किंवा साधने नसतात. अमेरिकी विचारवंत अँड्र्यू जेम्टन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात या अवस्थेचे वर्णन केले. चतुर्थीच्या दिवसांत निम्मे कर्मचारी रजेवर असतात आणि चाळीस रुग्णांमागे दोन सिस्टर उरतात. तेव्हा ज्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असते त्यांना चार तासांनी वळवले जाते, आणि पाठीवरची लाल झालेली त्वचा पाहून घरी गेलेल्या सिस्टरला मोदक गोड लागत नाही. मे २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत गोव्यात रात्री प्राणवायूच्या पुरवठ्यात खंड पडत होता. तो प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या अनेकांच्या मनात आजही जे आहे ते घुसमटच आहे, पण ते त्याला टोचणी समजून वागवत आहेत. घुसमटीवर उपाय एकच, तो म्हणजे लेखी कळवणे: किती रुग्ण, किती कर्मचारी, कोणते काम राहिले, किती वाजता कोणाला सांगितले. त्या कागदाने त्या रात्रीपुरता फरक पडेलच असे नाही. परंतु 'जे माझ्या अखत्यारीत होते ते मी केले' या वाक्याला त्यामुळे पुरावा मिळतो, आणि पहाटे तीन वाजता मनाला पुरावाच लागतो.

यांशिवाय अंगावर टाकलेला दोष हाही एक प्रकार आहे. वरिष्ठांनी चारचौघांत ओरडून किंवा नातेवाइकांनी रागाच्या भरात जे म्हटले ते खरेच मानून बसणे. तीच कसोटी इथेही लावावी: कोणते वाक्य मोडले ते दाखवता येत नसेल तर तो दोष त्याच्या मालकाकडे परत जाऊ द्यावा.

पहिला तास

टोचणी खरी असेल तर काय करायचे ते मी माझ्याच चुकीवरून सांगते. रुग्णालय कोणते हे महत्त्वाचे नाही.

नाईट ड्यूटी होती. पेडण्याकडच्या एका आजींना रात्रीच्या जेवणाआधी १० युनिट साधे इन्सुलिन द्यायचे होते. आमच्याकडे नेहमी ४० युनिटांची व्हायल (औषधाची छोटी बाटली) असे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि ट्रेमध्ये तिला जुळणाऱ्या लाल टोपणाच्या सिरिंजा. त्या दिवशी ती व्हायल संपली होती आणि फार्मसीतून १०० युनिटांची आली होती. मी लेबलवरचे औषधाचे नाव वाचले, मुदत वाचली, आणि लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत औषध भरले. लाल सिरिंजवरची १० ची रेघ म्हणजे पाव मिलिलिटर. १०० युनिटांच्या व्हायलमधले पाव मिलिलिटर म्हणजे २५ युनिट. अडीचपट डोस गेला. केस पेपरवर मी प्रामाणिकपणे '१० युनिट दिले' असे लिहिले.

अकराच्या सुमारास आजींना दरदरून घाम सुटला. ग्लुकोमीटरवर रक्तातील साखर ४८ आली, म्हणजे धोकादायक कमी. डॉक्टरांना बोलावले, शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे द्रावण, १०० मिलिलिटर दिले, पंधरा मिनिटांत आजी बोलू लागल्या. 'जेवल्या नसतील नीट' असे म्हणून डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात गेले. त्यानंतर व्हायल फ्रिजमध्ये ठेवताना लेबलवरचा १०० हा आकडा मला पहिल्यांदा दिसला.

पुढची चाळीस मिनिटे मी कोणालाही काही सांगितले नाही. आजी सावध होत्या, कागदावर दहाच युनिट होते, आणि कमी जेवण हे कारण सर्वांना पटलेले होते. हे लिहिताना मला आजही चुकीपेक्षा त्या चाळीस मिनिटांची लाज अधिक वाटते. शेवटी मी डॉक्टरांना जाऊन सांगितले ते धैर्याने नव्हे. साध्या इन्सुलिनचा परिणाम सहा ते आठ तास टिकतो हे आठवले म्हणून सांगितले. दहा युनिट समजून डॉक्टर निश्चिंत झाले होते. पंचवीस कळल्यावर त्यांनी दर अर्ध्या तासाने साखर तपासायला सांगितली, आणि एक वाजता ती पुन्हा ६४ वर आलेली सापडली. मी गप्प राहिले असते तर ती झोपेत उतरत गेली असती.

यावरून पहिल्या तासाचा क्रम ठरवता येतो. प्रथम रुग्ण: लक्षणे पाहणे, मदत बोलावणे, उपचार सुरू करणे. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांना चूक जशी घडली तशी सांगणे, कारण त्यांचे पुढचे निर्णय त्या माहितीवर उभे असतात. आचारसंहितेतील सत्य सांगण्याचे कलम आपण नीतीचे कलम समजतो. वॉर्डात ते उपचाराचेच कलम असते. त्यानंतर ती व्हायल, सिरिंज, सलाईनची बाटली, जे काही असेल ते फेकून न देता बाजूला ठेवणे. मग इन्चार्ज किंवा रात्रीच्या पर्यवेक्षकांना कळवणे. हे सर्व होईपर्यंत माझे काय होईल हा विचार मनात येणारच. तो आला तरी त्याच्या मागे जाऊ नये, कारण त्या तासात त्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसते.

नोंद कशी लिहावी

अपराधी माणसाच्या हातून दोन प्रकारची वाईट नोंद लिहिली जाते. एकीत काहीच नसते आणि दुसरीत सगळेच असते: 'माझ्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे रुग्णाचा जीव धोक्यात आला' अशी. दोन्ही टाळाव्यात. केस पेपरवर वेळ, घडलेली गोष्ट, रुग्णाची स्थिती, केलेले उपचार, कोणाला कळवले आणि त्यांनी काय सांगितले एवढेच असावे. 'रात्री ८:३० वाजता १०० युनिट प्रति मिलिलिटर व्हायलमधून ४० युनिटांच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत इन्सुलिन दिले गेले. प्रत्यक्ष मात्रा २५ युनिट. ११:०५ वाजता घाम, साखर ४८' ही नोंद पुरेशी आहे. तिच्यात विशेषण नाही, सबब नाही आणि छाती पिटणेही नाही.

आधी लिहिलेली चुकीची ओळ खोडरबर, पांढरा रंग किंवा गिरवून नाहीशी करू नये. तिच्यावर एकच रेघ मारावी, खालचा मजकूर वाचता यावा, बाजूला सही, तारीख आणि वेळ घालावी, आणि खरी नोंद ती लिहिली त्या वेळेसह खाली लिहावी. मागची वेळ घालून पुढे लिहिलेली ओळ हा चुकीपेक्षा मोठा गुन्हा ठरू शकतो. २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांना दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. तेव्हा आपला कागद कधीतरी कोणीतरी दिव्याखाली धरून वाचणार आहे असे समजूनच लिहावे.

'असे का घडले' याची चर्चा घटना-अहवालाच्या फॉर्मवर करावी, केस पेपरवर नव्हे. ज्या रुग्णालयांना एनएबीएच या गुणवत्ता तपासणाऱ्या मंडळाची मान्यता आहे तिथे असा फॉर्म असतोच. नसेल तिथे साध्या कागदावर इन्चार्जच्या नावे अर्ज लिहावा आणि पोच घ्यावी. औषधाच्या दुष्परिणामाची शंका असेल तर औषधदक्षता कार्यक्रमाकडे निराळा फॉर्म जातो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे.

नातेवाइकांशी बोलताना

गोव्याच्या वॉर्डात एका रांगेत कोकणी बोलणारी माणसे असतात, पलीकडे सिंधुदुर्गातून आलेले मराठी कुटुंब असते, आणि बांधकामावर काम करणारा, कन्नड किंवा हिंदी बोलणारा मजूर असतो. वाईट बातमी आपल्या सोयीच्या भाषेत सांगू नये, त्यांच्या भाषेत सांगावी. स्वतःला ती येत नसेल तर ज्याला येते असा कर्मचारी सोबत घ्यावा. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला दुभाषा करू नये, कारण त्यामुळे एकाची गोष्ट दहा जणांची होते. गंभीर घटनेत उपचार करणारे डॉक्टर आणि वैद्यकीय अधीक्षक यांच्याशी आधी बोलून, शक्य तर डॉक्टरांसोबतच जावे. परंतु 'अधीक्षक सोमवारी येतील' म्हणून शनिवार-रविवार गप्प राहणे हे सल्लामसलत नव्हे.

काय घडले, आता रुग्ण कसा आहे, पुढे काय करणार, आणि झाल्याबद्दल वाईट वाटते, या चार गोष्टी पुरतात. मी आजींच्या मुलीशी डॉक्टरांसोबत बोलले तेव्हा माझ्या मनात क्षमा मागण्याची पाच-सहा वाक्ये तयार होती. तिने त्यांतले एकही पुरते ऐकून घेतले नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "सकाळचे इंजेक्शन कोण देणार?" दुसऱ्या सिस्टर देतील आणि दोघी मिळून मात्रा तपासतील, असे सांगितल्यावर ती आत गेली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिने बोलावे अशी अपेक्षा करणे हे माझे ओझे तिच्या डोक्यावर देणे झाले असते. क्षमा मागावी, पण ती मिळालीच पाहिजे असा हट्ट धरू नये. आपल्या मनाची शांती हे रुग्णाच्या घरच्यांचे काम नव्हे.

पोलीस केस होईल ही भीती अनेकांना गप्प बसवते, म्हणून एवढे माहीत असावे: जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की निर्णयातील साधी चूक किंवा अपघात म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. नुकसानभरपाईचा आणि खात्याच्या चौकशीचा प्रश्न यापेक्षा वेगळा असतो. तशी वेळ आल्यास वकिलाचाच सल्ला घ्यावा. वॉर्डातल्या अनुभवी माणसांचा कायदा बहुधा ऐकीव असतो.

आपला वाटा मोजणे

दोन-तीन दिवसांनी, झोप झाल्यावर, एक कोरा कागद घ्यावा आणि मध्ये उभी रेघ मारावी. डावीकडे मी काय केले किंवा केले नाही ते लिहावे, उजवीकडे ते घडू देणारी परिस्थिती. माझ्या कागदावर डावीकडे दोन ओळी होत्या: व्हायलवरची तीव्रता वाचली नाही, दुसऱ्या सिस्टरकडून मात्रा तपासून घेतली नाही. उजवीकडे पाच झाल्या: १०० ची व्हायल पहिल्यांदाच आली आणि ओव्हर देताना (पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना) कोणी सांगितले नाही, फार्मसीने सोबत तिला जुळणाऱ्या नारिंगी टोपणाच्या सिरिंजा पाठवल्या नाहीत, ट्रे एकच, त्या रात्री दुसरी सिस्टर ऑपरेशन थिएटरला मदतीला गेलेली, औषधाच्या फ्रिजपाशी दिवा नाही. दिव्याची गोष्ट हास्यास्पद वाटते, पण खरी आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांचे स्पष्टीकरण छिद्रे असलेल्या चीजच्या चकत्यांनी केले आहे: प्रत्येक संरक्षक थराला भोके असतात आणि सगळी भोके एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. आपल्याकडे जाळीदार घावन एकावर एक रचले तर तेच दिसेल. माझे घावन त्या चळतीत होते आणि त्याला भोक होते, हे मी नाकारत नाही. पण चळत एकट्या माझी नव्हती.

कागद भरल्यावर एक प्रश्न विचारावा: माझ्याएवढेच शिक्षण आणि अनुभव असलेल्या दुसऱ्या सिस्टरला त्याच रात्री त्याच जागी उभे केले असते तर तिच्या हातून हे घडण्याचा संभव होता का? उत्तर होकारार्थी असेल तर मुख्य दुरुस्ती उजव्या बाजूची करावी. नकारार्थी असेल तर डाव्या बाजूकडे अधिक कठोरपणे पाहावे. अमेरिकेतील डेव्हिड मार्क्स यांनी मांडलेली विभागणी इथे उपयोगी पडते: अनवधानाने झालेली चूक असेल तर माणसाला धीर द्यावा, सवयीने घेतलेली आडवाट असेल तर समजावून ती मोडावी, आणि धोका माहीत असून केलेली बेपर्वाई असेल तर शिक्षा करावी. मात्रा तपासून न घेणे ही माझी आडवाट होती. गर्दीच्या रात्री मी ते अनेकदा टाळले होते आणि काही बिघडले नव्हते, हेच तिचे कारण. ते मान्य करताना त्रास झाला, पण तो नेमका त्रास होता, सगळे आयुष्य वाया गेल्यासारखा नव्हता.

उजव्या बाजूच्या ओळी घटना-अहवालात घालाव्यात. आमच्या वॉर्डात त्यानंतर इन्सुलिनचे दोन ट्रे झाले, लाल आणि नारिंगी. दिवा बसायला आणखी चार महिने लागले.

आंबे, गप्पा आणि बस

प्रत्येक टोचणी जीवनमरणाची नसते. एप्रिल-मे महिन्यांत बरे होऊन गेलेल्या रुग्णाच्या घरून मानकुराद आंब्यांची पिशवी येते, आणि ती घ्यावी की नाही यावर संपूर्ण वॉर्डात कुजबूज चालते. आपला नियम वाचावा, शंका असल्यास इन्चार्जला विचारावे, आणि घ्यायचेच ठरले तर ते सर्वांसमोर, सर्वांसाठी, रुग्ण घरी गेल्यानंतरच घ्यावे. पाकीट कधीही घेऊ नये. औषध कंपनीच्या आणि प्रयोगशाळेच्या 'कट'बद्दल, म्हणजे कमिशनबद्दल, तर चर्चेलाही जागा नाही. २००२ च्या विनियमांत डॉक्टरांना तो सरळ निषिद्ध आहे, आणि तो घेणाऱ्याला वाटणारी अपराधी भावना कमी करण्याचा कोणताही मार्ग मी सुचवणार नाही.

गोपनीयतेची गोष्ट मात्र अधिक अवघड आहे, कारण गोवा लहान आहे. बांबोळीहून डिचोलीला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या बाई विचारतात, "आमच्या वाड्यावरचा तो तुमच्याकडेच आहे ना, काय झाले त्याला?" आणि आपण 'बरा आहे' म्हणतानासुद्धा तो आपल्याकडे आहे हे सांगून बसलेलो असतो. यासाठी एक वाक्य पाठ करून ठेवावे: "वॉर्डातले मी घरी आईलासुद्धा सांगत नाही." हसत म्हटले की कोणाला राग येत नाही. बोलून गेलोच असू, तर तेवढ्यावर थांबावे, सारवासारव करायला आणखी माहिती देऊ नये, आणि आजार नाजूक असेल तर इन्चार्जला सांगावे. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. तिथे 'चुकून निघाले तोंडातून' ही सबब चालत नाही.

टोचणी जात नसेल तर

रुग्णाला इजा झाल्यावर त्यात गुंतलेल्या कर्मचाऱ्याला अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये 'दुसरा बळी' म्हटले. रुग्णांच्या कुटुंबीयांनी पुढे या शब्दाला हरकत घेतली आणि मला ती रास्त वाटते, कारण पहिला बळी ज्याच्या घरचा असतो त्याला दुसऱ्याचे कौतुक ऐकवत नाही. शब्द कोणताही असो, अवस्था खरी आहे. पहिले काही दिवस झोप न लागणे, तीच दृश्ये दिसणे, प्रत्येक इंजेक्शन तीनदा तपासणे हे अपेक्षित आहे. दोन-तीन आठवड्यांनंतरही तसेच चालू असेल, त्या खाटेच्या बाजूने जाणे टाळले जात असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या असतील, किंवा 'मी नसते तर बरे झाले असते' असा विचार येत असेल, तर ते वॉर्डातल्या मैत्रिणीच्या हातचे राहिलेले नाही असे समजावे. शेवटच्या लक्षणासाठी तर आठवड्यांची वाटही पाहू नये. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. तिथे ओळखीचे कोणी भेटेल म्हणून जाणे टाळणारे अनेक कर्मचारी मला माहीत आहेत. त्यांनी निदान फोन तरी करावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तिथे आपण रुग्ण असतो.

देवळात जाऊन गाऱ्हाणे घालणे, चर्चमध्ये जाऊन कन्फेशन करणे यांनी मन हलके होत असेल तर अवश्य करावे. फक्त क्रम पाळावा: डॉक्टरांना आधी सांगावे, देवाला नंतर.

इन्चार्जने काय करावे

चूक झालेल्या सिस्टरला 'विसरून जा' असे म्हणू नये, कारण ते शक्य नसते, आणि 'तुझी काहीच चूक नाही' असेही म्हणू नये, कारण ते खरे नसेल तर तिला कळते आणि ती पुन्हा तुमच्याकडे येत नाही. त्याच दिवशी, एकटीला, बसवून विचारावे: घरी कशी जाणार, सोबत कोण आहे, काही खाल्ले का. चौकशी होणार असेल तर तिची पायरी न् पायरी सांगावी. माहीत असलेल्या शिक्षेपेक्षा माहीत नसलेली चौकशी अधिक छळते. ओव्हरमध्ये घटनेची चर्चा करताना नाव घेऊ नये, जरी सर्वांना नाव ठाऊक असले तरी.

माझ्या वेळच्या इन्चार्ज सिस्टरांनी मला रजेवर पाठवले नाही. चौथ्या रात्री त्यांनी स्वतः थांबून मला इन्सुलिनचा ट्रे उचलायला लावला. मी लेबल मोठ्याने वाचले, त्यांनी सिरिंज उजेडाकडे धरून रेघ पाहिली, आणि सही दोघींनी केली. पुढच्या रात्री त्या खाटेपासून दोन पावले मागे उभ्या होत्या. त्याच्या पुढच्या रात्री दारात. आठवड्याच्या शेवटी मी वळून पाहिले तेव्हा त्या टेबलापाशी बसून महिन्याचा ड्यूटी रोस्टर भरत होत्या, आणि त्यांनी मान वर केली नाही.